श्रीपतरावांचा दुहेरी कफ

निजामाच्या अमदानीत हुमनाबादच्या बाजारात अमृतप्पा शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकणं म्हणजे थोडंफार नाटकात काम करणंच होतं. छाती, खांदा, बाही ही मापं तो झटपट घ्यायचा. मनगटाशी आला की टेप गळ्यात टाकून म्हणायचा, "आता जेवून दाखवा."

"काय जेवू? पुढ्यात तर कापडच हाय."

"वरण हाय समजा. पातळ."

मग गिऱ्हाईक हवेत भुरके मारायचं आणि बाही कोपराकडे किती पळते ते अमृतप्पा बघायचा. कचेरीतल्या कारकुनाला तो सलाम करायला लावी. दिवसभर ज्याचा हात कपाळाकडे जातो त्याचा कफ लवकर विरतो, म्हणून त्याला आतून जाड पट्टी. शेतकऱ्याला एका बटणाचा, सैल, वर सारता येईल असा. गोल कोपऱ्याचा कफ तेवढा नवरदेवांना, कारण "नवरदेवाच्या हाताला तसंबी काय काम न्हाई." गळा माणसानं आरशात बघून निवडावा, कफ मात्र हातांना विचारून, असं त्याचं म्हणणं. आणि एकदा टाका घातला की घातला. स्वतःचा टाका त्यानं कधी उसवला नव्हता, आणि ही गोष्ट तो न विचारता सांगायचा.

तुरीचे व्यापारी श्रीपतराव एकुलत्या लेकीच्या, सुशीलेच्या लग्नासाठी शर्ट शिवायला आले. कफ दुहेरीच हवा म्हणाले. हा कफ उलटा दुमडायचा, काजावर काज आणायचं आणि त्यांतून साखळीचं चांदीचं बटण ओवायचं. श्रीपतरावांचा हा जुना थाट. पण बायको, राजूबाई गेली तेव्हापासून ते साध्या बटणाच्या शर्टात दिसत होते.

"घालून दाखवा," म्हणत अमृतप्पानं नमुन्याचा शर्ट पुढे केला. श्रीपतरावांनी खिशातून बटणं काढली. डाव्या हाताचं कसंबसं बसलं. उजव्याची पाळी आली तेव्हा डावा हात चाचपडला आणि बटण शिलाई मशीनखाली घरंगळत गेलं. दोघंही वाकून शोधू लागले. वाकल्या वाकल्या श्रीपतराव म्हणाले, "ती लावून द्यायची रे."

"लेक हाय की, मालक."

"लेकीच्या हाताची सवय लावून घिऊ, आन् ती चालली सासरी. एकदा झालं तेवढं बास."

"मग साधा कफ करू?"

"राजूला ह्योच आवडायचा. तिच्या लेकीच्या मांडवात दुसरा कामून घालू?"

अमृतप्पानं त्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाला जेवायला लावलंच नाही. नुसता विचार करत बसला. मग त्यानं शर्ट शिवला तो असा: कफ दुमडून, चांदीची बटणं ओवल्यासारखी दिसतील अशी एका कडेला टाके घालून पक्की केली, आणि दोन्ही कडा जोडायला आतल्या बाजूला बारीक हूक लावला. एका हाताने खटकन बसणारा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, घरात कुणीतरी मन लावून घालून दिलंय. श्रीपतराव तो हूक पुन्हापुन्हा लावून-काढून बघत हसले. अमृतप्पाही खुशीत. लग्नाचं आमंत्रण मिळाल्यावर कफ बघायला म्हणूनच गेला.

मांडवात वऱ्हाड आलं, वाजंत्री सुरू झाली आणि नवरीच सापडेना. ती आत आईची पेटी उपसत बसली होती. श्रीपतराव बोलवायला गेले, तर डोळे पुसत म्हणाली, "अप्पा, आई लावायची ती बटणं गावंनात. आज मी घालणार हुते तुमाला. आईनं शिकवून ठिवलंय."

श्रीपतरावांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं एक कफ उलटसुलट केला, आतला हूक बघितला.

"हे कुणी केलं?"

दाराशी अमृतप्पा उभा होता. आयुष्यभर त्यानं माणसाला त्याच्याच हातांबद्दल विचारलं होतं. दुसऱ्या कुणाचे हात त्या कफाची वाट बघत असतील, हे त्याच्या मापात बसलंच नव्हतं. त्यानं टोपीत खोचलेली सुई काढली, श्रीपतरावांच्या पायाशी बसला आणि आपले टाके एकेक करून उसवले. बाहेर वाजंत्र्यांनी तीच चाल तिसऱ्यांदा धरली. सुशीलेनं वडलांचे कफ दुमडले, बटणं ओवली आणि वरून एकदा हात फिरवला, आई फिरवायची तसा.

लेक सासरी गेली. चार दिवसांनी श्रीपतराव शर्ट घेऊन दुकानात आले. "घाल बाबा पुन्हा टाके."

"न्हाई घालणार."

"मग मी सणाला काय करू?"

"हिकडनं जावा. देवळाची वाट हीच हाय."

तेव्हापासून दसरा असो की गुढीपाडवा, सकाळी हुमनाबादच्या बाजारातून श्रीपतराव उजवा हात पुढे धरून चालताना दिसायचे, उघडा कफ फडफडतोय, मुठीत बटण. अमृतप्पा मशीन थांबवायचा, बटण ओवायचा. वरून हात मात्र फिरवायचा नाही. ते काम लेकीचं, आणि ती दर दिवाळीला यायची.