खांबेट्यांची सुट्टी

मनोहर खांबेटे वजनमापे खात्यातून निवृत्त झाले, पण तराजू काही खाली ठेवला नाही. परदेशात लेकीच्या गावी, चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईतसुद्धा, कॉफीचा पेला डोळ्यांसमोर धरून ते पातळी बघत. कमी भरली तर एक वेळ सोडून देत. घरात कुणी जास्तीचं बोललं, तर मात्र खैर नसे.

लेकीकडे, वल्लरीकडे, ते नवरा-बायको भारतातून महिनाभरासाठी आले आणि बायकोला, संजीवनीबाईंना, अर्धांगाचा झटका आला. विमानप्रवासाला डॉक्टरांनी मनाई केली. बाईंना आजारपणाचा लांब मुदतीचा पास मिळाला, खांबेट्यांचा अर्ज मात्र नामंजूर झाला. ते कायद्यानं पाहुणेच राहिले. मग मुक्काम संपत आला की बसनं सीमेपलीकडे जोहोरला जायचं, मलेशियात चहा प्यायचा आणि पासपोर्टवर पाहुण्याचा नवा शिक्का घेऊन परत यायचं. बाई त्यांच्याच हातून जेवत असल्यानं हे सगळं दोन जेवणांच्या मधे उरकावं लागे.

"विचारलं तर 'सुट्टीसाठी' म्हणायचं, बाबा," वल्लरी दर खेपेला पढवायची.

"सुट्टी? तुझ्या आईला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, ही सुट्टी?"

"बाबा, प्लीज. तिथं इन्स्पेक्टरगिरी नको."

इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. त्या दुपारी परतताना सीमेवरच्या काउंटरवरच्या तरुण अधिकारी मुलीनं पासपोर्ट पुढून मागून चाळला. "अंकल, सारखे येता. कशासाठी?"

'सुट्टीसाठी' अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलगी इतक्या अदबीनं बोलत होती, की तिच्या तोंडावर खोटं माप टाकायचं खांबेट्यांच्या जिवावर आलं.

"येतो कसला, मी इथंच राहतो," ते म्हणाले. "बायको अंथरुणाला खिळलीये."

सगळं खरं सांगितल्याच्या समाधानात ते ताठ उभे राहिले. मुलीनं मान खाली घातली आणि वरिष्ठांना बोलावलं. आतल्या खोलीत त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, जबाब लिहून त्यावर सही घेतली. पाहुण्याच्या शिक्क्यावर इथं राहता येत नाही, हे पुन्हा पुन्हा समजावलं. कुणी आवाज चढवला नाही. मग त्यांना जोहोरच्या बसमध्ये बसवून दिलं. आता तिथूनच भारतात परतायचं होतं.

जोहोरच्या बसस्थानकावरून त्यांनी फोन लावला.

"एक शब्द, बाबा," वल्लरी म्हणाली. "एक शब्द बोलायचा होता."

"अर्ज करू की परत."

"आता कुठला अर्ज? तुम्ही लेखी कबूल करून आलात."

पलीकडे वाटीत चमचा वाजला.

"जेवली का?"

"तोंडच उघडत नाहीये. दुपारपासून दाराकडे बघतेय."

"फोन तिच्या कानाशी धर. चमचा डावीकडून ने, घाई करू नकोस." ते बाकाच्या कडेवर पुढे सरकले. "संजू, आ कर."

"नाही हो, बाबा."

"आ कर, संजू. पेज आहे. आ."

त्यांनी आवाज वाढवला. तिकिटाच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.