मास्तरांनी सोडलेला अर्धा इंच

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच सुटला होता. ते बायकांचे कपडे शिवत. छत्तीस वर्षं एकच गाळा, एकच मशीन आणि एकच सबब: "बाई, फक्त काज-बटण राहिलंय."

त्यांची बायको स्तनाच्या कर्करोगाने गेली. मास्तर आता कोसळणार म्हणून शेजारपाजार कंबर कसून तयार होता. मास्तरांनी त्यांची साफ निराशा केली. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी गाळा उघडला आणि कुणाच्या तरी पडद्याला अस्तर लावत बसले. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. शिंप्याच्या बोटाला घट्टा पडतो. सुई आत गेलेली कळत नाही, कापडावर लाल ठिपका दिसला की कळते. मास्तर अंगभर तसे झाले होते.

अशात मेडिकल कॉलेजची पाच-सहा मुलं दंडावर बांधायच्या पट्ट्या शिवायला घेऊन आली. हॉस्पिटलात या रोगावर संशोधन चाललं होतं. रोग झालेल्यांकडून किंवा त्यांच्या घरच्यांकडून वीस प्रश्नांचे फॉर्म भरून घ्यायचं काम या मुलांनी अंगावर घेतलं होतं. त्यांची पुढारी एक काडीपैलवान मुलगी, तिला सगळे कप्तान म्हणत. मास्तरांनी पट्ट्या सांगितलेल्या दिवशी नेऊन दिल्या. असं त्यांच्या हातून आयुष्यात प्रथमच घडलं. आणि मग ते तिथून उठलेच नाहीत.

दर शनिवारी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, थंड पाण्याच्या मशीनशेजारी, ते टेबल मांडून बसू लागले. कप्तानपुढे मान खाली घालणाऱ्या बायका मास्तरांपुढे घडाघडा बोलत. ज्यांनी आपल्या कमरेचं माप नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं, त्यांचं ते मास्तरांकडे वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. आता काय लपवायचं?

"तारीख नीट आठवा, बाई," मास्तर दरडावत. "मागच्या उन्हाळ्यात, ही काय तारीख झाली?"

"मास्तर, तुम्ही तारखेबद्दल बोलूच नका! माझा ब्लाउज दोन उन्हाळे तुमच्याकडे होता."

असे शंभरावर फॉर्म त्यांनी भरले. बायकोचा मात्र पहिल्या शनिवारपासून पिशवीत पडून होता. दहा प्रश्न झाले होते. अकराव्यापाशी गाडी अडली होती: बदल प्रथम कधी लक्षात आला? कोणाच्या? त्यावर काय केलं?

आज शेवटचा शनिवार होता. पाच वाजता गठ्ठा वर जाणार आणि अर्धवट फॉर्म बाद होणार.

"काका, काकूंचा फॉर्म?" कप्तानने चारला विचारलं.

"होतोय."

"तीन महिने होतोय. काज-बटण राहिलंय वाटतं?" पोरीने त्यांची विद्या त्यांच्यावरच उलटवली होती. मग तिचा आवाज खाली आला. "डॉक्टरांकडे प्रथम गेलात तो महिना टाका ना. सगळे तेच टाकतात."

तो महिना डिसेंबर होता. मास्तरांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. पिशवीत फॉर्मखाली मापांची वही होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये भाचीचं लग्न होतं. "गावभर बायका नटवल्या, घरातलीला मात्र जुन्या मापाचं," असं पुटपुटत बायकोने नवा ब्लाउज घालून पाहिला होता.

"अहो, डावीकडे ओढतंय."

"सरळ उभी राहा."

"तीस वर्षं सरळच उभी आहे. तुम्हीच वाकडं बघताय!"

मास्तरांनी टेप लावली. डावी बाजू अर्धा इंच जास्त भरली. इतक्या वर्षांत कापणं चुकलं नव्हतं, ते घरच्याच ब्लाउजवर चुकलं म्हणून ते मनातून ओशाळले. कुणाला कळू नये म्हणून गाळ्यात नेऊन त्यांनी टक्स उसवला, आत दुमडलेला अर्धा इंच सोडला, इस्त्री फिरवली. "आता कसा चापूनचोपून बसला!" बायको आरशात पाहून म्हणाली. लग्नात ती त्याच ब्लाउजात मिरवली. मास्तरांनी सवयीने वहीत नोंद केली.

पाचला वीस मिनिटं असताना त्यांनी वही उघडली आणि अकरावा प्रश्न भरला. अकरा मार्च. नवऱ्याच्या. डावी बाजू अर्धा इंच सोडली.

कप्तानने वाचलं. एकदा फॉर्म पाहिला, एकदा वही.

"काका, हे... नऊ महिने आधी. नक्की?"

"माप आहे ते. अंदाज नाही."

"पण काका, अर्ध्या इंचावरून कुणालाच—"

"पुढचा प्रश्न वाच. पाच वाजतील."

तिने फॉर्म पुढे ओढला. मास्तर टेपची गुंडाळी करत होते, सोडत होते, पुन्हा करत होते.

"बारावा. त्या वेळी रुग्णाचं वजन?"

"वजन नाही माहीत," मास्तर म्हणाले. "कंबर चालेल?"

फॉर्ममध्ये कमरेला जागा नव्हती. कप्तानने पेनाचं टोपण काढलं आणि समासात जागा केली.

"सांगा."

"साडेएकतीस," मास्तर म्हणाले. वही त्यांनी मिटलेली होती.