करवंट्यांचा कोळसा

विमलबाईंच्या हातात काहीही आलं, की त्या आधी ते नाकाशी नेत. नवी वही, खडूचा डबा, रेशनची लाल मिलो ज्वारी, मुलींनी दिलेलं फूल, काहीही. "डोळे फसतात हो, नाक नाही," असं म्हणायच्या.

देवळाली प्रवरेला आम्ही एकाच शाळेत होतो. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. घरंही भिंतीला भिंत लागून. त्यांचे यजमान साखर कारखान्यात गंधकाच्या भट्टीवर कामाला होते. अंगाला गंधकाचा वास राहतो म्हणून सतत लवंग चघळायचे. बाहत्तरच्या दुष्काळात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. पारनेरकडच्या गावी विहिरीनं तळ गाठला होता, म्हणून यजमानांची आई आधीच इथं येऊन राहिली होती. तेरावं झालं आणि बाई शाळेत हजर झाल्या. त्यांना रडताना कुणी पाहिलं नाही.

एका संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. "काही बोलू नका, नुसत्या बसा."

पाळी सुटल्याचा भोंगा झाला. कारखान्यातून सायकलवर घरी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा गेला. मग दाराकडून वास आला. आधी गंधक, मागोमाग लवंग. दाराला कडी होती. वास हळूहळू खोलीत आला, खाटेपाशी येऊन थांबला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"तुम्हालाही आला ना?"

"आला."

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही," म्हणत त्यांनी कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला.

कुणा जाणत्याला विचारू या, असं मी सुचवलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. "आधी करून बघू, मग भिऊ. वास म्हणजे हवेतले कण. कण असतील तर ते कोळशाला चिकटतील."

मग त्या कामाला लागल्या. मारुतीच्या देवळातून नारळाच्या करवंट्या गोळा केल्या. त्या डालड्याच्या डब्यात भरून, झाकणाला बारीक भोक पाडून डबा चुलीवर ठेवला. भोकातून निळसर जाळ निघत राहिला. तो विझला तेव्हा आत कोळसा तयार होता. तो खलबत्त्यात कुटून त्यांनी शाळेतल्या कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात भिजवला, पुन्हा कडक भाजला, मग धुऊन उन्हात वाळवला. पाणी टँकरचं, म्हणून धुतलेलं काळं पाणीही परसातल्या तुळशीला. "या प्रत्येक कणाला आता हजार खोल्या झाल्या," त्या मला म्हणाल्या. "पाहुणा आला की राहायला जागाच जागा."

तेलाच्या रिकाम्या डब्याला दोन्ही बाजूंनी जाळी, मध्ये कोळसा, मागे टेबलफॅन. भोंग्यानंतर बाईंनी बटण दाबलं. वास दारातून आला, खाटेकडे निघाला, आणि मध्येच वळून डब्याकडे ओढला गेल्यासारखा पातळ होत गेला. मग नाहीसा झाला.

बाईंचा चेहरा उजळला. पण सासूबाई कोपऱ्यातून उठल्या.

"माजा ल्योक रोज घरला येतोय, आन् तू त्याला डब्यात कोंडलास व्हय गं?"



त्या दिवसापासून म्हातारीनं जेवण टाकलं. दिवसभर डब्याला कान लावून बसायची. मध्येच हसायची, मध्येच "व्हय, व्हय" म्हणायची. समजावलं तर म्हणायची, "लई कोंडलंय त्याला. श्वास घेता येत न्हाई म्हनतोय." भरदुपारी त्यांच्या घरात पाऊल टाकायची मला भीती वाटू लागली.

शेवटी एका रविवारी बाईंनी डबा उघडला. मला म्हणाल्या, "कोळसा मंद तापवला की धरलेला वास सोडतो. पुस्तकात आहे." त्यांनी शेगडीवर कढई ठेवली आणि कोळसा तिच्यात ओतला. काही वेळ काहीच झालं नाही. मग इतक्या दिवसांचा सगळा वास एकदम उठला. गंधकानं डोळ्यांत पाणी आलं. लवंगेचा दर्प इतका जवळून आला, की माझ्या खांद्यापाशी कुणी श्वास घेतंय असं वाटलं. मी मागं वळून पाहिलं नाही.

"आला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "बोल की गं त्याच्याशी. तुजी वाट बघतोय."

विमलबाई कढईवर वाकून उभ्या होत्या. आता त्या काहीतरी शास्त्रीय सांगतील असं मला वाटलं. पण त्या हलकेच म्हणाल्या, "आईंची काळजी करू नका. मी आहे ना." मग कढईतल्या कोळशाकडे बघत त्या रडल्या, सासूनं पाठीवर हात ठेवला तरी थांबल्या नाहीत.

खिडकी कुणी उघडली नव्हती, तरी वास विरत गेला. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, पण कुणी आलं नाही. पुन्हा कधीच नाही. म्हातारी त्या रात्री भाकरी कुस्करून पोटभर जेवली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. विहिरीला पाणी आलं, तेव्हा धाकटा दीर आईला न्यायला आला. म्हणाला, "वैनी, तुमी एकट्या, शाळा करनार का म्हातारीचं बघनार? आमच्याकडंच राहू द्या आता तिला."

"त्या इथंच राहतील," विमलबाई म्हणाल्या. "तसा शब्द दिलाय."

"कुनाला?"

सासूबाईंचं धुतलेलं लुगडं पिळून बाई दोरीवर पसरू लागल्या.