ड्रायव्हरच्या बाजूचा पोचा

फोन आला तेव्हा मी पोपटाच्या शेंगा सोलत बसले होते. पुतण्या म्हणाला, "काकू, बाबा गेले. झोपेतच." मी फोन ठेवला, पुन्हा बसले आणि उरलेल्या शेंगा सोलून टाकल्या. रडू नंतर आलं. आधी मनात काय आलं सांगू? आता बालाघाटात कोणत्या ट्रकची लांबी किती, हे नुसतं बघून सांगणारं कोणी उरलं नाही… महिना झाला त्याला. पण वसंता भाऊजींबद्दल लिहायचं म्हटलं की मला अजूनही घाई होते, कुठून सांगू नि किती सांगू असं होऊन जातं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. एकसष्ट साली मी लग्न होऊन आले तेव्हा ते बांधकाम खात्यात ट्रेसर होते. दिवसभर पूल नि रस्ते कागदावर लहान करायचे आणि घरी आले की ट्रक लहान करायचे. हो, ट्रक! खेळणं म्हटलं की चिडायचे. "वहिनी, खेळण्यात चाक कुठंबी लावा, चालते. याच्यात नाही चालत." दोन फुटाला एक इंच, हे त्यांचं माप, त्यात सुताचा फरक खपायचा नाही. लाकूड शिवणीचं, पत्रा तुपाच्या डब्याचा. दवाखान्यातली जुनी एक्सरेची फिल्म सोड्यात धुतली की झाली खिडकीची काच. सासूबाईंच्या रबरी चपला एकदा सापडेनात, तर त्यांची चाकं झाली होती. माझ्या पोलक्याची दोन टिचबटणं हेडलाइट होऊन बसली. ती मला तिथं दिसली तेव्हा मी रागवायचंच विसरले, इतकी शोभत होती!

आमच्या मागच्या घरात करीमचाचा राहत. तिरोडीकडच्या खाणीतलं मँगनीज वाहणारा एकच ट्रक त्यांनी पंधरा वर्षं चालवला. मग डोळ्यांत काळा मोतीबिंदू उतरला, उजेड-अंधार तेवढा कळायचा. काम सुटलं. ट्रकही म्हातारा झालेला, मालकानं तो भंगारात काढला. चाचा ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या आवाजावरून ओळखत. एक दिवस भाऊजींना म्हणाले, की डोळे गेले त्याचं एवढं नाही, पण गाडी आता कापून टाकतील, मग मी हात कशावर ठेवू? भाऊजींनी तिथल्या तिथे शब्द दिला, चाचा, मी बनवतो तुमची गाडी.

शब्द दिला खरा, पण ट्रक शुक्रवारी उचलणार आणि त्या दिवशी होता गुरुवार. भाऊजींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. टेपचं दुसरं टोक धरायला कोण? मी! नवी सून, डोक्यावर पदर, भर दुपारी ट्रकच्या मागच्या फाळक्याला टेप लावून उभी. भाऊजी पुढून आकडे सांगताहेत, मी मागून हौ, हौ म्हणतेय, आणि बघायला अर्धा मोहल्ला. लाजेनं मी मान वर केली नाही, फाळका सोडून काही पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोलक्याचं माप घेता येते काय तुले? नाही, ट्रकचं घेऊन आली म्हून इचारून राह्यली."

मग सहा महिने घर तारपिनाच्या वासात. ट्रक द्यायचा दसऱ्याला, कारण त्या दिवशी गाड्या धुऊन, हार घालून पुजतात. रंगाचं तर काय सांगू… हिरवा, पण उन्हानं विटलेला हिरवा हवा होता. तीन वेळा रंगवला, तीन वेळा खरवडला. चाचांच्या जुन्या गोणपाटातून मँगनीजची काळी भुकटी झटकून ती हौद्यातल्या ओल्या रंगावर चोळली. आज काय नवं झालं हे बघायला मी चहाचं निमित्त करून जायची. पुढचे मडगार्ड तेवढे शेवटी बसले, तेव्हा मी माहेरी रामपायलीला गेले होते.

परतले ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. जाळी काढताना झाडू फळीला लागला आणि ट्रक सरकला. पडला नाही. पण उचलून बघते तर ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डला पोचा! सहा महिन्यांचं काम, आणि भाऊजी ऑफिसात. मी चमच्याची पाठ आतून लावली, हळूहळू दाबत पत्रा सरळ केला, रंग उडाला तिथं त्यांच्याच डबीतला लावला. दसऱ्याला गाडी नीटनेटकी करतातच की, असं मनाशी म्हटलं आणि तोंड मिटून बसले.

सकाळी चाचा आले. भाऊजींनी ट्रक त्यांच्या मांडीवर ठेवला. चाचांची बोटं मागून निघाली. फाळक्याची साखळी. हौद्यातली खरखर. दरवाज्याचा दांडा ढिला लागला तसे ते हसले, तो खराही ढिलाच होता म्हणे. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मग हात मडगार्डवर आला आणि थांबला. पुन्हा फिरला. पुन्हा…

"बेटा, मेहनत बहुत की तूने," ते हळूच म्हणाले. "लेकिन ये मेरी गाड़ी नहीं है."

भाऊजी वाकून बघतच राहिले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात चाचांनी तो ट्रक खाणीच्या फाटकाला ठोकला होता. तरी मालकानं कामावरून काढलं नाही, म्हणून तो पोचा त्यांनी कधी काढू दिला नाही. रोज सकाळी त्यात तळहात ठेवायचा, मगच वर चढायचं. हे साऱ्या घराला ठाऊक, मी नवी, मला कोण सांगणार?

"भाऊजी, म्याच सरळ केला," मी म्हटलं. "मले वाटलं, माझ्याच हातानं पोचला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. भाऊजी आत गेले, छोटी हातोडी घेऊन आले, चाचांच्या हातात दिली आणि त्यांचं बोट जागेवर नेलं. "चाचा, पहले भी आपने ही ठोकी थी. अब भी आप ही ठोको."

चाचांनी एकच ठोका दिला. अंगठा त्या पोच्यात टेकवला. तळहात कुठला मावायला! अंगठा तसाच राहू दिला… आणि मग, मी शपथेवर सांगते, त्या माणसाचा आवाजच बदलला. सासूबाईंना म्हणाले, "भाभी, हल्दी-कुंकू लाओ. गाड़ी आ गई."

त्यानंतर भाऊजींनी किती गाड्या केल्या, बस केली, जीप केली, रोडरोलरसुद्धा! प्रत्येक गाडी पुरी झाली की मला हाक मारायचे. "या वहिनी, यातलं काय काय सरळ नाही करायचं, ते सांगून ठेवतो." आणि चष्मा वर करून एकेक पोचा, एकेक ओरखडा बोटानं दाखवायचे. पाय थकले, तरी हे सुटलं नाही.

तेरवीच्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. फळीवर एक अर्धी झालेली अँब्युलन्स होती, एकाच बाजूला रंग दिलेला. मागच्या दाराला बारीकसा पोचा. त्यांनीच पाडलेला, की घरातल्या गर्दीत कोणाचा धक्का लागून पडलेला, कळायला मार्ग नाही. पुतण्यानं ती उचलली, अंगठ्यानं आतून दाबून पाहायला लागला. "काकू, हे ठीक करून देऊ काय?"

मी त्याच्या हातातून काढून घेतली आणि होती तशी फळीवर ठेवली. म्हटलं, "राहू दे बाबू. या गाडीचं भाऊजींनी मले काही सांगितलं नाही."