रसिलाबेनची चोळी

नडियादच्या एका खडकीत, म्हणजे एकाच मोठ्या दाराआडच्या घरांच्या गल्लीत, रसिलाबेनचं शिवणाचं दुकान म्हणजे दुपारचा अड्डाच. मैत्रिणी जमत, चहा-गाठिया होत आणि साऱ्या गावाची धुणी धुतली जात. रसिला सगळं हसून ऐके, पण जिचं माप घेतलं तिच्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढत नसे. घरात नवऱ्यापाशीसुद्धा नाही.

त्या दिवशी विषय होता केतकीबेनचा. ती गरब्याला यायची बंद का झाली?

"नवऱ्याशी बिनसलंय," भानुबेन म्हणाली.

"छे गं, शिष्ट झालीय!" कुंदनबेननं ठोकून दिलं. कुंदन म्हणजे खडकीचं चालतंबोलतं वर्तमानपत्र.

रसिला चहा आणायला आत गेली. कर्करोगात केतकीचा एक स्तन काढला होता, हे तिला एकटीला ठाऊक होतं. "कुणाला कळलं तर मी गरब्यात पाऊल टाकणार नाही," असं केतकीनं बजावलं होतं. एका बाजूला कापूस भरून रसिलानं तिची चोळी शिवली होती. पण शेवटचा हात फिरेपर्यंत चोळी उलटीच टांगायची तिची जुनी सवय. ती चहा घेऊन बाहेर येते, तर चोळी भानुच्या हातात!

"अगं, ही आत एकाच बाजूला गादी कसली? कुणाची चोळी?"

रसिलानं घाईनं चहा खाली ठेवला. "माझी," ती म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघतच राहिल्या. ती बाही रसिलाच्या कोपराच्याही वर चढली नसती. कुंदननं चोळी हातात घेतली. तो कापूस पाहिला, ती बाही पाहिली, मग रसिलाचा उतरलेला चेहरा पाहिला. आता हिची जीभ सुटणार, रसिलाला वाटलं.

कुंदननं चोळी सुलटी केली, नीट घडी घातली.

"हिचीच आहे. घटत्या अंगाची शिवलीय बाईनं! उद्यापासून गाठिया बंद."

"पण कुंदन, ती गादी..."

"तुला काय करायचंय? चहा पी, निवतोय."

हशा पिकला आणि विषय बुडाला.

अष्टमीला केतकी गरब्यात उतरली. टाळी देत, गिरकी घेत, मोकळी हसत होती. तिच्या शेजारी कुंदन. रसिला कडेला उभी राहून डोळे पुसत होती. जन्मभर आपण जिच्या जिभेला भ्यायलो, तिनंच आपली आणि केतकीची लाज राखली. हे ऋण कसं फिटायचं?

घामाघूम कुंदन पाणी प्यायला आली. रसिलानं तिचा हात घट्ट धरला.

"तुझी चोळी छान बसलीय हो," कुंदन म्हणाली आणि पुन्हा केतकीशेजारी जाऊन उभी राहिली.