पाणबुड्यांच्या घड्याळांचं वेड

पडदे शिवणारे काका पाण्याला जाम घाबरायचे. गुडघाभर पाण्यातही ते उतरत नसत. आणि वेड कसलं, तर पाणबुड्यांच्या जुन्या घड्याळांचं! जुन्या बाजारातून हुडकून आणलेली सात-आठ घड्याळं त्यांच्याकडे होती. त्यातलं एक रोज मनगटावर चढायचं. त्याचं वजन, काचेवरचे ओरखडे, तबकडीभोवती कटकट करत फिरणारी कड, सगळंच त्यांना आवडायचं. पाणबुडे त्या कडेवर पाण्याखालची मिनिटं मोजत. काका तिच्यावर चहाच्या आधणाची मोजायचे.

"हे समुद्राच्या तळाशी जाऊन आलंय," ते गिऱ्हाइकांना सांगत. "मी नाही तर नाही, निदान घड्याळ तरी!"

काकांचं दुकान खाली, घर वर, नि लेक-जावई त्याच्याही वरच्या मजल्यावर राहायचे. दात येऊ लागलेली नात दिवसभर काकांच्या कडेवर असे आणि हाती लागेल ते चघळे. एका संध्याकाळी जावई सहज म्हणाला, "बाबा, जुन्या घड्याळांचे काटे अंधारात चमकावेत म्हणून पूर्वी रेडियम लावायचे. किरणोत्सर्गी असतं ते."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळीच नातीने त्यांचं निळ्या तबकडीचं घड्याळ चोखून ओलंचिंब केलं होतं. त्यांनी सगळी घड्याळं डब्यात भरून गॅलरीत ठेवली. हात तीनदा धुतले.

"अहो, पोर रडतेय, घ्या की तिला," बायको म्हणाली.

"नको. माझ्या हातांत नको."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते इस्पितळात गेले. तिथे किरणोत्सर्ग तपासणाऱ्या बाईंच्या घरचे पडदे त्यांनीच शिवले होते. बाईंनी एकेका घड्याळावर यंत्र धरलं. यंत्र गप्प. शेवटच्या काळ्या घड्याळावर मात्र ते तडतडलं. काकांनी नातीचं आधीच सांगितलं होतं, म्हणून बाईंनी लगेच विचारलं,

"बाळाने हेच चघळलं का?"

"नाही, ते निळं."

बाईंनी निळ्यावर पुन्हा यंत्र धरलं, चांगला वेळ. आवाज नाही. "काका, यात रेडियम नाही. काळ्यात आहे, पण काच शाबूत आहे. फक्त उघडू नका, नि बाळापासून लांब ठेवा."

"तुम्हीच ठेवा हो ते! शिकाऊ मुलांना दाखवा."

बाहेर येऊन त्यांनी घरी फोन लावला आणि बायकोचा आवाज ऐकताच त्यांना रडू फुटलं.

"काय झालं? बोला ना!" बायको घाबरली.

"काही नाही झालं," काका नाक ओढत म्हणाले. "काहीच नाही झालं गं."

दुपारी घरी नात त्यांच्या खांद्यावर झोपली. पाठोपाठ काकाही बसल्या बसल्या घोरू लागले. गिऱ्हाइकांनी हाक मारून उठवू नये म्हणून जावयाने खाली जाऊन दुकानाचं शटर हळूच अर्ध्यावर ओढलं.