बटणांच्या कोठीत दिवा हवा

इंडोनेशियात सेमारांगजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात विनार्सिह सतरा वर्षं शिलाई मशीनवर बसली आणि मग सुरक्षा अधिकारी झाली. बढतीबरोबर तिला एक शिट्टी, पिवळं जाकीट आणि दरवर्षी भरायचा आगीच्या धोक्यांचा तक्ता मिळाला. त्यात एक प्रश्न होता : भोंगा सगळ्यांपर्यंत पोचतो का? आधीचे अधिकारी तिथं डोळे झाकून 'हो' लिहीत आले होते.

त्या वर्षीच्या आगीच्या सरावात भोंगा वाजताच चार मिनिटांत कामगार मैदानात आले. सहाशे बारा हवे होते, भरले सहाशे अकरा. बऱ्याच वेळानं बटणांची कोठी एकटीनं सांभाळणारी लारास आली, बटणांचं खोकं पोटाशी धरून. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिनं हातांनीच विचारलं, "सुट्टी दिली का?" सगळे हसले. विनार्सिहला हसू आलं नाही.

पुढचे चार दिवस ती तक्ता घेऊन कोपरा न् कोपरा फिरली. इथं एकटं कोण असतं? त्याला भोंगा ऐकू जाईल? नाही गेला तर दुसरं कोण सांगेल? बटणांची कोठी आणि संडास, दोन्हीकडे तिनं 'नाही' लिहिलं.

मॅनेजरना सगळे पाक हेंद्रो म्हणत, म्हणजे हेंद्रोसाहेब, आणि विनार्सिहला बू, म्हणजे बाई. "बू, हॉलमध्ये भोंग्याबरोबर लुकलुकणारे दिवे आहेत की," ते म्हणाले. "लारासला एक जोडीदारीण द्या, झालं."

लारासनं कागदावर उत्तर लिहिलं : 'संडासलाही जोडीनं जाऊ?'

मग विनार्सिहनं पाक हेंद्रोंना कानात बोळे घालून, वर बॉयलरवाल्यांची कानझाकणी चढवून कोठीत बसवलं. बोळे घालण्याआधीच तिनं बजावलं होतं, "अर्ध्या तासात भोंगा वाजेल. वाजला की बाहेर या."

अर्ध्या तासानं तिनंच दार उघडलं. त्यांनी वैतागून कानझाकणी आणि बोळे काढले. "अहो, वाजवणार कधी?"

"दोनदा वाजवून झाला, पाक."

महिन्याभरात कोठीत आणि संडासात दिवे लागले.

ऑगस्टमध्ये कापडाच्या गोदामात वायर जळाली आणि आग भडकली. कोठीतला दिवा लुकलुकताच लारास खोकं टाकून निघाली. वाटेत नमाजाची खोली. दाराशी चपलांचा एकच जोड दिसला. आत फोर्कलिफ्टवाला बाग्यो कानात गाणी लावून आडवा झाला होता. तिनं त्याला लाथ घालून उठवलं.

मैदानात सहाशे बारा भरले.

"बू, हिनं चक्क लाथ घातली! नाहीतर मेलोच असतो!" बाग्यो सांगत सुटला.

"आधी कानातलं ते काढ, मेल्या!" विनार्सिह ओरडली. मग लारासकडे वळून तिनं हातवारे करत तिलाही झापलं, वाटेत थांबायचं नसतं म्हणून. आणि झापता झापताच तिला घट्ट जवळ घेतलं.

अर्धं गोदाम गेलं, पण कुणाला खरचटलंही नाही. विनार्सिहला मात्र एक गोष्ट लागून राहिली. धडधाकट कानांचा माणूसही भोंग्याला बहिरा असू शकतो, हे तिच्या तक्त्यात कुठंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं नमाजाच्या खोलीसाठी दिवा मागितला. पाक हेंद्रोंनी काही न विचारता सही केली.